तपासणी

सीताबर्डीत, मोदी नंबर तीनच्या तोंडाशी,
चप्पलवाल्याच्या पायरीवर माझं मशीन.
चेन बदलतो, पट्टे टाकतो, बकलं बसवतो.
पाटी नाही. कुणालाही विचारा, चेनवाले निनावे.

डोंगरावर जाणाऱ्यांच्या सॅक माझ्याकडे येतात.
ह्या सपाट गावात, जिथे मोठा चढ
म्हणजे उड्डाणपूल,
लोक आठ-आठ दिवसांचं घर पाठीवर बांधून निघतात
आणि फाटून परत येतात. सॅक म्हणतोय मी.
माणसांचं मला ठाऊक नाही.

बुड घासलेलं असलं तर माणूस बसून उतरतो,
आणि ते कुणाला सांगत नाही.
शिवणीतली तांबडी माती सह्याद्रीची.
काळी, कुजक्या पाल्याच्या वासाची, ती पचमढीकडची.
हिमालयाची मातीच येत नाही,
नुसतं राखाडी पीठ आणि संत्रागोळ्यांचे कागद.
चोरकप्प्यात सापडेल ते पुडी बांधून परत देतो :
गोटे, शिट्टी, कुणी किती डाळ आणायची त्याची यादी.
एकदा दुधाचा दात.
त्याबद्दल विचारलं नाही.

मार्चमध्ये प्रणोती हेडाऊ आली.
हिरवी सॅक, साठ लिटरची,
उजवा पट्टा मुळापासून उपटलेला.
"शनिवारी नेते," म्हणाली.
नायलॉनचा दोरा घेतला, चौकट शिवली,
चौकटीत फुली, फुलीवर पुन्हा फुली.
शनिवार गेला. एप्रिल गेला.
मेमध्ये मशीनचं चाक हाताला चटके देऊ लागलं.
फोन बंद.
खुंटीवर ती सॅक, पोट आत ओढून.

माझा नियम आहे,
वजन घालून पाहिल्याशिवाय माल द्यायचा नाही.
रद्दी भरली, बकलांचा डबा, घरचा वरवंटा,
आणि पहाटे सेमिनरी हिल्स चढलो.
मोर ओरडला. फिरायला आलेल्या एका साहेबांनी विचारलं,
"कुठं निघाले जी, एवढं घेऊन?"
पट्टा टिकला.
पण टेकडीच ती. तिच्यावर काय कळतं?

श्रावणात पाचपावलीचं मंडळ नागद्वारला निघालं.
छप्पन्न वर्षांत मी कधी गेलो नव्हतो,
तेव्हा छत्र्यांचा सीझन असतो.
"यंदाच काहून?" बायकोनं विचारलं.
"काम आहे," म्हटलं.

धुकं असं की पुढच्याची फक्त टाच दिसे,
चिखलानं माखलेली, भेगाळ, कुणाचीही.
मग लोखंडी शिडी.
ओली. वरून माणसं, खालून माणसं,
आणि बाजूला दरी, जी दिसत नव्हती,
नुसती ऐकू येत होती.
सगळे देवाचं नाव घेत होते,
मी उजव्या खांद्याला कान लावला.
टाका आधी कुरकुरतो, मग सुटतो.
तेहतीस वर्षं ऐकतोय.
कुरकुरला नाही.

वर काय दिसलं?
ढग. त्याच्याखाली दुसरा ढग.
एका म्हातारीनं खोबऱ्याचा तुकडा दिला,
तो चावता चावता मला रडू आलं.
दमलो होतो, दुसरं काही नाही.

ऑक्टोबरात प्रणोती आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं,
दोन पायऱ्या चढायला भिंत धरत होती.
पट्टा ओढून पाहिला. मग सॅक उलटी केली.
मशीनच्या पाटावर काळी माती पडली,
वाळलेली, चिमूटभर.
तिनं ती चोळली, नाकाशी नेली.
"काका, तुम्ही वापरली?"
"तपासली."
"कुठपर्यंत?"

सांगितलं.

ती पायरीवर बसली, पाय लांब करून, चपलांच्या ढिगाशेजारी.
सत्तर झाले होते, तिनं शंभर दिले.
मागे एक पोरगा तुटकी चेन घेऊन उभा, घाईत.
मी तीस रुपये मोजू लागलो तर म्हणाली,
"राहू द्या ते.
शिडीचं सांगा अजून."